आपल्याच काळ्या पाषाणावर आकाशाचा घाव

लोणार पाहिलं! आल्यापासून भेटेल त्याला तेच सांगतोय, आणि अजून सांगून संपत नाही.

आमच्या फुलसावंगीकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला की पहारीचं काही चालत नाही, सुरुंग लावावे लागतात. त्या दगडाचा टणकपणा ज्यानं पाहिलाय, त्यानं लोणारच्या काठावर उभं राहावं. समोरचं सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटर खोल विवर त्याच दगडात पडलंय. आकाशातून एक अशनी आली, आणि काही क्षणांत हे सगळं घडलं!

लोक आधी पाण्याकडे बघतात. मला मात्र काठानंच धरून ठेवलं. आपल्याकडे या पाषाणाचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे, थर एकावर एक आडवे पसरलेले असतात. इथे काठाशी येताच ते वर उचलले गेलेत, बाहेरच्या बाजूला कललेत. आसपासच्या जमिनीपेक्षा काठ सुमारे वीस मीटर उंच आहे, कारण खालचा दगड उचलला गेला आणि उडालेला माल त्यावर येऊन पडला. हे एकदा कळलं की काठावरचा प्रत्येक धोंडा हातात घेऊन बघावासा वाटतो.

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२३ साली या जागेची नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं अभ्यासकांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटत राहिलं. वाटणारच, भोवती सगळा लाव्हाच की! मग तळाच्या गाळात छिद्रं पाडून खालचा दगड वर काढला गेला. सुमारे शंभर मीटर गाळाखाली चुरडलेला पाषाण निघाला, आणि त्यातल्या काही स्फटिकांची आघाताच्या दाबानं काच झालेली होती. ज्वालामुखीच्या अंगात एवढा दाब नसतो. १९७३ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला. विहिरीवरचा आपला दगड, आणि त्याची काच! मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलोच.

चंद्रावरचे काळे डाग म्हणजे आपला हाच काळा पाषाण, बेसॉल्ट; मंगळावरही तोच पसरलेला. पृथ्वीवर मात्र बेसॉल्टमध्ये अशनीनं पाडलेली विवरं अगदी मोजकी. म्हणून चंद्र आणि मंगळ समजून घेणारे शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यात येतात. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

विवराच्या वयाचा प्रश्न अजून रंगतोय. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, २०१० च्या सुमारास आर्गॉनच्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. गावानं आपलं उत्तर फार पूर्वीच दिलंय: जमिनीखाली लपलेल्या लवणासुराला विष्णूनं मारलं, ते हे स्थान. खोल विवर आणि खारं पाणी, दोन्हींचा उलगडा एकाच कथेत! दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर त्यासाठीच उभं आहे.

उतारावर गोमुखाची धार गोड, आणि खाली तळ्याचं पाणी खारट, सोड्यासारखं क्षारयुक्त. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण शोधलं: खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

पुसद, वाशीम, रिसोड करत आपल्या भागातून तिथे जाता येतं. शाळांनी सहली इथे न्याव्यात, मनापासून सांगतो. फक्त पोरांना घाईनं खाली उतरवू नका. आधी काठावर फिरवा, कललेले थर बोटानं दाखवा, आणि विचारा: हे असं वर कुणी उचललं असेल?