ट्रान्झिस्टर

बाबांचा ट्रान्झिस्टर घरात कमी आणि होडीत जास्त राहिला. चामड्याच्या कव्हरच्या भोकांत मीठ बसलेलं, सेल उतरले की आमच्या डोंगरी गावच्या अंगणात उन्हात वाळवून पुन्हा घातलेले. मच्छीमारांसाठीचा हवामानाचा अंदाज ऐकायचा, एवढंच त्याचं काम. १९७१च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं, तेव्हा मात्र तो घरी आला. मुंबईत ब्लॅकआउट, इथे खिडक्यांना गोणपाट. आम्ही पोरं आवाज बारीक करायला लावायचो; वरून जाणाऱ्या विमानाला ऐकू गेलं तर?

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव त्यावर ऐकल्याचं आठवत नाही. ते कळलं फार उशिरा, पेपरात. ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई-७ पडलं. ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने जिवंत पकडलेल्या वैमानिकांची बातमी दिली, त्यात ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष. पत्नी दमयंती, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या.

त्याच युद्धात, त्याच जातीचं विमान पडून दिलीप पारुळकरही कैद झाले. ऑगस्ट १९७२मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले, थेट अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले आणि तिथे लंडी खानाची चौकशी करून फसले. ते स्टेशन १९३२पासूनच बंद! पुन्हा पकडले गेले खरे, पण वर्षअखेरीस वाघ्यावरून घरी आले. ही गोष्ट आपण रंगवून सांगतो, आणि का सांगू नये? तांब्यांची गोष्ट कुणी रंगवत नाही. सिमल्यात पाकिस्तानशी वाटाघाटींना बसताना त्यांचे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात होते. आपली माणसं नीट मोजून मागायला याहून चांगली वेळ कुठली होती, हे मला अजून उमगलेलं नाही. १९७९मध्ये लोकसभेत बेपत्तांची ४० नावं मांडली गेली. पुढे आकडा ५४ झाला. २००७मध्ये नातेवाईक पाकिस्तानचे तुरुंग पाहून आले. उत्तर एकच: आमच्याकडे कुणी नाही.

आमच्या किनाऱ्याला हे उत्तर परकं नाही. पुढे एका वादळात शेजारणीच्या नवऱ्याची होडी परतली नाही. बायका याच ट्रान्झिस्टरभोवती बसल्या. त्यात होड्यांचा आकडा सांगितला, नावं नाहीत. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की कायदा त्याला मेला असं धरतो. तोवर ना दाखला, ना विमा. सात वर्षं भरल्यावर शेजारणीच्या दिराने अर्ज केला, वहिनीने निमूट सही केली. दाखल्याच्या झेरॉक्स काढून बँकेतही ती स्वतःच गेली.

नोव्हेंबरात आम्ही ख्रिस्ती लोक मृतांच्या मिस्सासाठी देवळात नावं लिहून देतो. तिने सासऱ्यांचं दिलं, आईचं दिलं. नवऱ्याचं दिलं नाही. दिराने एकदा विचारलं, तर म्हणाली, “तो कागद सरकारसाठी होता.”