गंजलेले आटे

यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल भारतात १९८५ साली आली आणि १९९६ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. आमच्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंची गाडी हीच. उधारीच्या वसुलीसाठी ते गावोगाव हिंडत, ते तिच्यावरच. त्यांच्या पश्चात ती गोदामात आठ वर्षे उभी होती. पुतण्याने भंगाराचा भावही काढला होता, वहिनी मात्र म्हणाल्या, “भाऊजी, एकदा सुरू होते का पाहा ना.”

क्लच दुरुस्त करावयाचा तर उजव्या बाजूचे कव्हर काढणे आले, आणि नेमके तेच सुटेना. स्क्रू पोलादाचे, कव्हर व इंजिन ॲल्युमिनियमचे. ओलावा लागला की या जोडीत ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. गॅरेजवाल्याने थेट छिन्नीच उचलली. मी त्यास थांबविले. थकीत कर्जांच्या फायली हाताळताना जप्तीची नोटीस अखेरीस काढावी, हा माझा शिरस्ता. छिन्नीची गतही तीच. कव्हरला तडा गेला असता तर वहिनींना काय सांगणार?

दोन रात्री गंज सोडविणारे पातळ तेल मुरू दिले. स्क्रूच्या खाचेतील मळ सुईने कोरून काढला. जपानी गाड्यांच्या स्क्रूवरील फुली आपल्याकडील नेहमीच्या फिलिप्सहून किंचित निराळी असते. फिलिप्सचे टोक तीत पूर्ण बसत नाही. जोर लावताच उसळते आणि कडा खाते. म्हणून जपानी मापाचे टोक मागवून ते इम्पॅक्ट ड्रायव्हरला लावले. वर हातोडी मारली की हे अवजार टोक खाचेत दाबते आणि त्याच क्षणी फिरवतेही. टाकी व कार्ब्युरेटर दूर नेऊन ठेवल्यावर गरम हवेने कव्हर तापविले. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते.

एक सोडून सारे स्क्रू निघाले. त्या एकाची फुली पूर्वीच कोणीतरी गोल करून ठेवली होती. त्याचे डोके ड्रिलने उडविले आणि कव्हर अलगद काढले. मागे उरलेला दांडा बोटभर बाहेर दिसत होता. डोक्याचा ताण गेल्यावर अडून राहण्याचे त्यास फारसे कारण उरत नाही. पकडीने धरून आधी किंचित आत, मग बाहेर, असे पुतण्याने फिरविले. दांडा निघाला, आटे शाबूत होते.

नवे स्क्रू बसविताना प्रत्येकास थोडे ग्रीस लावले. क्लचच्या पट्ट्या आणावयास पुतण्या स्वतःच गेला.