खर्जाची जवारी आणि विशीतला कान

मिरजेच्या कुठल्याही तंतुवाद्याच्या कारखान्यात नवा पोरगा आला की त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी भोपळा खरवडायचा, मग सरस, मग घासकाम, पॉलिश, खुंट्या. तारा चढवायला मिळेपर्यंत काही वर्षं सहज निघून जातात आणि जवारी सगळ्यांत शेवटी येते. बऱ्याचदा येतच नाही, कारण तोवर पोरगा एमआयडीसीत लागलेला असतो. कच्च्या हातात घोडी आणि कानस द्यायची नाही, हा नियम मला मान्य आहे. हाड एकदा जास्त उतरलं की परत चढत नाही. पण हाताला थांबवताना आपण पोराच्या कानालाही थांबवतो, आणि माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे. अठरा ते पंचवीस या वयात जे ऐकायला शिकायचं ते तेव्हाच शिकायला हवं, पुढे ते तितकं चोख शिकता येत नाही. साठी ओलांडलेल्या कारागिराला हे जास्त टोचतं, कारण हात अजून ऐकतो आणि कान तितका ऐकत नाही.

जवारी म्हणजे काय हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून अडचण कुठे आहे तेवढंच मांडतो. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. तार जिथून सुटते त्या कडेकडे बोटाला जेमतेम कळेल एवढा उतार असतो आणि कंप पावणारी तार त्या उताराला टेकत-सुटत राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू पडतो, ते उपस्वर एरवीच्या नियमाने उमटायला नकोत. या घोडीवर तेही उमटतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्या पूर्वजांनी हे कानाने शोधलं होतं. पंचम आणि दोन्ही जोड साधारण मनासारखे बोलायला लागतात, खर्ज मात्र अडून बसतो. पितळेची जाड तार, ताण कमी, हेलकावा मोठा, त्यामुळे तिला स्वतःचा वेगळा उतार लागतो. तिच्यासाठी कानस फिरवावी तर शेजारच्या जोडीची कड दुखावते. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा केसभर पुढे घेतला की खर्जात गंधार स्वच्छ दिसतो, पण त्याच्या डोक्यावर बारीक चरचर बसते. मागे घेतला की चरचर जाते आणि गंधारही मिटतो. या दोन जागांच्या मधे एक जागा असते. ती कागदावर मांडता येत नाही, आणि सकाळी सापडलेली जागा संध्याकाळी हवा बदलली की तिथे नसते. मोसम बदलला, गवयाने सूर काळी एकवरून पांढरी दोनवर नेला, तार नवी चढवली, की शोध पुन्हा सुरू.

आता या शोधात कानाचं काम काय ते पाहा. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर बोलतो, म्हणजे वाद्यातला सगळ्यांत खालचा स्वर. पण त्याचा गुण आणि दोष ठरतो तो वरच्या मजल्यावर. ६९ हर्ट्झच्या स्वराचा साठावा उपस्वर ४,००० हर्ट्झच्या पुढे जातो. गंधार खाली, साडेतीनशेच्या आसपास असतो, तो म्हाताऱ्या कानालाही कळतो. चरचर मात्र वर असते. माणसाचा कान वय वाढतं तसा वरूनच मिटत जातो. विशीत ऐकू येणारे बारीक आवाज पन्नाशीत जातात, आणि साठीच्या पुढे ४,००० हर्ट्झच्या वरचं ऐकणं बहुतेकांचं उणावलेलं असतं. म्हणजे गुण ऐकू येतो आणि दोष ऐकू येत नाही, अशी ही अवस्था आहे. याचा परिणाम एकाच दिशेने होतो. ज्याला वरची चमक कमी ऐकू येते तो ती भरून काढायला जवारी अधिक उघडतो. त्याला आवाज नेमका वाटतो, पण समोर बसलेल्या पंचविशीच्या गायिकेला तो कर्कश लागतो. जुन्या हातांच्या जवाऱ्या अलीकडे फार झगझगीत निघतात, ही कुजबुज बाजारात आहे. त्यात असूया असेल, पण कारण खरं आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा येतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या तानपुऱ्यांच्या सुरेलपणाची कीर्ती आजही सांगितली जाते, आणि ते वाद्यावर स्वतः हात चालवणारे होते. उतारवयातही त्यांचे तानपुरे तसेच बोलत असतील, तर मग वयाची अडचण कुठे राहिली? मला हा आक्षेप माझ्याच बाजूचा वाटतो. ज्या कानाने तरुणपणी, तो शाबूत असताना, चांगल्या जवारीचा ठसा घेतला आहे, तो पुढे कमी ऐकूनही त्या ठशाशी ताडून पाहू शकतो. वरचं नाही आलं तरी खालचे उपस्वर कसे जुळले की वर काय होत असणार, याचा अंदाज त्याला असतो. अनुभव म्हणतात तो हाच, म्हणजे पूर्वी ऐकलेल्या आवाजाची आठवण. ज्याने विशीत ऐकलंच नाही, फक्त भोपळे घासले, तो चाळिशीत जवारीला बसला तर त्याने आठवायचं काय?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विशीतल्या पोराला ऐकू येतं, पण काय ऐकायचं हे कळत नाही. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, असं तो समजतो. हे खरं आहे, पण त्यावरचा उपाय आपल्या शेजारीच आहे. गवयाच्या शिष्याला गुरू मैफलीत मागे तानपुरा घेऊन बसवतो. गळा उघडायची परवानगी नसते, पण कान तासन्‌तास उघडा असतो. तालमीतली ती वर्षं वाया गेली असं कुठलाही गवई म्हणणार नाही. कारागिराच्या पोराला मात्र जवारी काढताना आपण खोलीबाहेर पाठवतो. काही घरांत तर ते गुपित असल्यासारखं दार लावून होतं. त्याला समोर बसवावं, तारा त्याच्याकडून छेडवून घ्याव्यात, आणि दोरा हलवताना कुठे थांबायचं ते आधी त्याला विचारावं. चुकेल तेव्हा का चुकला ते सांगावं. एकाच घोडीवर गोल जवारी आणि खुली जवारी, दोन्ही करून ऐकवाव्यात. कुणाला आवाजाभोवती दाट गुंजन लागतं, कुणाला मोजकी, आटोपशीर साथ. हा फरक कळायला गाणं ऐकावं लागतं, आणि गाणं ऐकायची हौसही याच वयात लागते. पुढे संसार लागतो.

तिसरा आक्षेप नव्या मंडळींचा असतो. फोनवर उपस्वरांचा आलेख दिसतो, मग कान कशाला? आलेख मी नाकारत नाही. कुठला उपस्वर किती उंच गेला हे तो सांगतो. गंधार अमुक इतका असावा हे तो सांगत नाही, कारण ते गळ्यावर आणि गायकीवर अवलंबून आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक श्रुतीपेटी आली, मग ॲप आलं, आणि आता कित्येक मुलं खऱ्या तानपुऱ्याजवळ बसायच्या आधी वर्षानुवर्षं एकसारखा फिरणारा मुद्रित तानपुरा ऐकत रियाज करतात. रियाजाला ती सोय आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण तेच कान दुकानात येऊन आमच्या घोडीकडून तोच गुळगुळीतपणा मागतात, आणि आमच्यातले काही जण प्लॅस्टिकच्या तयार घोड्या बसवून तो पुरवतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला आनंद आहे. पण त्या कागदात जवारी उतरत नाही. ती ऐकणारा माणूस गावात उरला पाहिजे.

याहून साधी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर मालकांनी खरोखर चिडायला हवं. पूर्वी घासकाम हाताने व्हायचं. आता मशीन आहे, आणि सगळ्यांत तरुण पोरगा दिवसभर त्या मशीनवर असतो, कानात बोळाही नसतो. सततच्या गोंगाटाने कानाची पहिली हानी होते ती ४,००० हर्ट्झच्या आसपास. खर्जाची चरचर जिथे कळायची, नेमक्या त्याच जागी. म्हणजे जो कान आपल्याला दहा वर्षांनी जवारीसाठी हवा आहे, तो आपणच पहिल्या दोन वर्षांत खर्च करतो. कानपट्ट्यांची किंमत एका तारेच्या संचाहून फार नसते. त्या न देण्याला कसलंही कारण चालणार नाही.

मग पोराचा कान आणि म्हाताऱ्याचा हात यांनी मिळून जवारी काढावी, हे ओघाने येतं. बुद्धीला ते पटतं, पण अभिमान आड येतो. जवारी ही या धंद्यातली एकच जागा आहे जिथे गवई कारागिराच्या तोंडाकडे बघतो. वीस वर्षांच्या पोराने ‘अजून वाजतंय वर’ म्हणावं आणि गवयाने त्याच्याकडे वळावं, ही कल्पना मला आवडत नाही. पंचम आणि जोड मी त्याच्या कानावर सोडीन. त्याच्या सांगण्यावरून दोरा हलवीन, कानसही उचलीन. खर्जाचा शेवटचा शब्द मात्र माझा असावा, असं मला अजून वाटतं, आणि नेमक्या त्याच तारेला त्याच्या कानाची सगळ्यांत जास्त गरज आहे.