गाळलेल्या नोंदी

साहित्याच्या वर्गात शिकवायला उभे राहण्यापूर्वी आम्ही दोन वर्षे एका प्रयोगशाळेत उमेदवारी केली. काम एकच : खारे पाणी गोडे करणारी पटले तयार करणे आणि तपासणे. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे मधासारखे दाट द्रावण काचेवर ओतायचे, पात्याने त्याचा पातळ थर ओढायचा आणि काच बर्फाच्या पाण्यात बुडवायची. थर सुटला की त्याला गरम पाण्याचा शेक द्यायचा. मग गोल तुकडे कापून ते एकेक पोलादी कोठीत बसवायचे, दाबाखाली मिठाचे पाणी सोडायचे आणि पलीकडे पडणाऱ्या थेंबांतले मीठ मोजायचे.

एकदा एकाच थरातून बारा तुकडे कापले. आठांनी मीठ उत्तम अडवले. चारांतून ते जवळजवळ जसेच्या तसे पलीकडे आले. ते चार 'खराब' ठरवून आम्ही वहीत आठांचीच सरासरी लिहिली. सरांनी वही चाळली आणि एवढेच विचारले, "बाकीचे चार कुठे आहेत?" ते केराच्या टोपलीतून केव्हाच गेले होते.

सर रागावले नाहीत. त्यांनी एक हकीकत सांगितली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन बाजारात मिळणारे पटल तापवून हाच प्रयोग करीत होते. निकाल कधी चांगला येई, कधी वाईट. त्यांनी वाईट निकाल दृष्टीआड केले नाहीत. शोध घेता घेता ध्यानात आले, की पटलाची कोणती बाजू खाऱ्या पाण्याकडे आहे, यावर सारे अवलंबून आहे. पटलाच्या दोन्ही बाजू सारख्या नव्हत्याच! पुढे त्यांनी स्वतः घडवलेल्या पटलातही हाच भेद होता : वर सायीसारखा पातळ, घट्ट थर आणि खाली सच्छिद्र आधार. आधीच्या पटलांतून पाणी फारच मंद झिरपे. यातून ते कितीतरी वेगाने येऊ लागले. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा गावाचे खारट भूजल अशाच पटलांनी पिण्याजोगे होऊ लागले.

आमचे चार तुकडे उलटे बसले होते, की त्यांना सुईच्या अग्राएवढी छिद्रे होती? ते तपासण्याची वाट आम्हीच बंद केली होती.

प्रयोगशाळा सुटली, सवय सुटली नाही. पुढे एका कवीवर प्रबंध लिहिताना आम्ही त्याच्या कवितेच्या विकासाचे एक सुरेख सूत्र मांडले आणि सूत्रात न बसणाऱ्या कविता 'दुय्यम' म्हणून बाजूला सारल्या. पदवी मिळाली. बाकीच्या कविता कुठे आहेत, असे कोणी विचारले नाही.

मराठीत पाणीही गाळतात आणि मजकूरही. पाणी गाळताना काय अडवायचे हे आधी ठरलेले असते. वाचताना ते आधीच ठरले, तर वाचायचे कशाला?

यंदा सुटीत आम्ही तो प्रबंध पुन्हा उघडला आणि गाळलेल्या कवितांची यादी करायला बसलो. आतापर्यंत सोळा झाल्या आहेत. शेवटचे प्रकरण नव्याने लिहावे लागणार, असे दिसते.