ग्वारीघाट : नर्मदाकाठची निवांत सुट्टी

सुट्टीचा बेत ठरू लागला की घरातल्या मुलांना समुद्र हवा असतो, आईला गर्दी नको असते, आजीला देवदर्शन घडावे असे वाटते आणि बाबांची नजर असते खर्चावर. मग बहुतेक घरांत गोवा, अलिबाग किंवा गणपतीपुळे यांवर तोडगा निघतो. दिवाळीनंतरच्या दिवसांत तिथे खोली मिळवण्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत सगळीकडे रांगच असते. चार दिवस पाण्याकाठी स्वस्थ बसायचे, हा मूळ हेतू मात्र बाजूलाच राहतो.

तो हेतू पुरा करणारे एक ठिकाण समुद्रापासून कितीतरी दूर, मध्य प्रदेशात आहे. कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला वसलेल्या जबलपूर शहरातला नर्मदेच्या उत्तर तीरावरचा हा ग्वारीघाट. काही जण त्याला गौरीघाटही म्हणतात. जबलपूरला येणारा पर्यटक सहसा थेट भेडाघाट गाठतो. संगमरवरी कडे, धुवांधार धबधबा, रोपवे हे सारे एका दिवसात उरकून तो परततो. ग्वारीघाट त्याच्या यादीत नसतोच किंवा असलाच तर संध्याकाळच्या तासाभरापुरता. म्हणूनच इथे मुक्काम ठेवून भेडाघाटला दिवसाची सहल करणे अधिक सुखाचे ठरते.

पाण्यातले मंदिर

इथली नर्मदा रुंद आणि संथ आहे. घाटाच्या पायऱ्या उतरल्या की रंगीत नावा ओळीने उभ्या असतात. जवळच पाण्यात नर्मदामातेचे छोटे मंदिर आहे. चारही बाजूंनी पाणी असलेले हे मंदिर म्हणजे मुलांच्या दृष्टीने एक इवलेसे बेटच. नाव सुटली की घाटावरचा कोलाहल मागे पडतो आणि वल्ह्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. पलीकडच्या तीरावर गुरुद्वारा आहे. गुरू नानकदेवांच्या या परिसरातील वास्तव्याशी त्याचे नाते सांगितले जाते. तिथे जाणारे भाविकही याच नावांनी नदी पार करतात.

याच घाटावर अशीही माणसे दिसतात, जी नावेकडे वळूनही पाहत नाहीत. पांढरी वस्त्रे, हातात काठी, खांद्यावर झोळी आणि ओठांवर 'नर्मदे हर'. हे परिक्रमावासी. अमरकंटकपासून अरबी समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला ते उजव्या हाताला ठेवून चालतात. वाटेत तिचे पात्र ओलांडत नाहीत. त्यांत मराठी माणसांची संख्या लक्षणीय असते. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर' या पुस्तकाने अनेक मराठी घरांत या वाटेची ओढ निर्माण केली. चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड हे तर जबलपूरचेच. नर्मदाकाठच्या पदयात्रांवर त्यांनी गुजराती आणि हिंदीत लिहिले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

दिवस कसा घालवावा?

सकाळी लवकर घाटावर जावे. हिवाळ्यात दूरदेशीचे पांढरे कुरव पक्षी पाण्यावर थव्याने उतरतात. त्यांना शेव-फरसाण टाकण्याचा मोह होतो, पण ते त्यांचे अन्न नव्हे. लांबून पाहण्यातच खरी मौज आहे. न्याहारीला पोहे आणि जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलबी. दुपारी गक्कड-भर्ता जरूर चाखावा. गोवऱ्यांच्या आचेवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचे भरीत, अशी ही जोडी खानदेशी आणि वऱ्हाडी जिभेला परकी वाटत नाही.

नदीच्या प्रवाहाच्या दिशेने गेल्यास आधी तिलवाराघाट लागतो. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली गाजलेले त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले. पुढे लम्हेटाघाट. इथल्या खडकांवरून भूशास्त्रात 'लामेटा' हे नाव रूढ झाले. याच खडकांच्या थरांत, जबलपूर परिसरात, १८२८ साली विल्यम स्लीमन यांना डायनोसॉरची हाडे सापडली होती. त्यानंतर येतो भेडाघाट. संध्याकाळी मात्र ग्वारीघाटावर परतावे. अंधार पडू लागताच पुजारी मोठ्या दीपमाळा घेऊन आरती करतात आणि पानांच्या द्रोणांतले दिवे पाण्यावर तरंगू लागतात.

शांतता जपणेही आपल्याच हाती

हा घाट म्हणजे निव्वळ पर्यटनस्थळ नव्हे. एका पायरीवर बाळाचे जावळ काढले जाते, तर दुसरीकडे कुणी आप्ताच्या अस्थी घेऊन आलेले असते. त्यामुळे कॅमेरा कुठे उघडायचा आणि कुठे मिटायचा, याचे भान ठेवावे लागते. दुसरी काळजी पाण्याची. वाढत्या शहराचे सांडपाणी, निर्माल्य आणि प्लास्टिक यांचा भार या नदीवर आहेच. मूर्तींच्या विसर्जनासाठी जवळच वेगळे कुंड करण्यात आले, पण आपल्यासारख्या पाहुण्याने पानाचाच द्रोण घेतला आणि पिशवी परत नेली, तरी हातभार लागतो. ज्या शांततेसाठी आपण इतक्या दूर येतो, ती आपल्याच पायी नाहीशी होऊ नये.

कधी आणि कसे जाल?

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात वरच्या बाजूच्या बरगी धरणातून पाणी सोडले की घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि भेडाघाटचा नौकाविहारही बंद असतो. मकरसंक्रांत, पौर्णिमा, अमावास्या आणि माघ शुद्ध सप्तमीची नर्मदा जयंती या दिवशी प्रचंड गर्दी होते. निवांतपणा हवा असेल तर या तिथी टाळाव्यात. नावेत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि मुलांना जीवरक्षक जाकीट घालायला सांगावे.

मुंबईहून जबलपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. नागपूरहून सिवनीमार्गे रस्ता सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा. गोंदियाहून जबलपूरला जाणारी सातपुड्यातली चिमुकली नॅरोगेज गाडी अनेक वैदर्भीयांच्या आठवणीत असेल. २०१५ साली ती जबलपूरच्या बाजूने थांबली आणि आता त्या मार्गावर ब्रॉडगेज गाड्या धावतात. हाच लोहमार्ग ग्वारीघाटाजवळून जातो. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे शहरात जुनी मराठी कुटुंबेही आहेत. राहण्यासाठी शहरात सर्व दरांची हॉटेले मिळतात आणि तिथून घाटापर्यंत रिक्षा सहज मिळते.

समुद्राची गाज इथे ऐकू येत नाही. पण आजीला पायऱ्यांवर टेकता येते, मुलांना नाव मिळते आणि आईबाबांना घटकाभर काहीही न करता वाहत्या पाण्याकडे पाहत बसता येते. सुट्टीकडून याहून अधिक काय हवे?