कितलाले लिधं?

मनगटावर बांधायच्या वस्तूवर माणसाने किती खर्च करावा, याला आमच्या जळगावात सरळ उत्तर आहे. वस्तू सोन्याची असेल तर हात सैल सोडावा, नसेल तर आखडता घ्यावा. सोन्याच्या चोखपणासाठी नावाजलेल्या गावात हा न्याय कुणालाच चमत्कारिक वाटत नाही. त्यामुळे रोजच्या वापराला एक चांगले, भारी स्पोर्ट्‌स घड्याळ घ्यावे असा बेत मी घरात जाहीर केला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “मोडीला किती येतं ते?”

प्रश्न बिनतोड होता. पण जगात उलटा व्यवहारही चालतो. १९७२ साली ओदमार पिगे या स्विस कंपनीने जेराल्ड जेंटा नावाच्या कलावंताच्या आराखड्यावरून ‘रॉयल ओक’ हे घड्याळ काढले. घड्याळ पोलादाचे, आणि किंमत मात्र कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून अधिक! आमच्या सराफ बाजारात असे कुणी केले असते, तर घरच्यांनी त्याला आधी वैद्याकडे नेले असते. स्वित्झर्लंडात मात्र ते खपले, आणि पोहायलाही चालेल नि लग्नातही मिरवेल अशा घड्याळांची एक जातच निघाली.

रॉयल ओकच्या वाटेला मी जाणार नव्हतोच. त्यासाठी आधी शेत असावे लागते, आणि मग ते विकायची तयारी असावी लागते. त्याच जातीतले, जरा गरीब घरचे एखादे मिळते का, एवढेच मी पाहत होतो.

दुकानदार म्हणाला, “सर, हे १०० मीटर पाण्यात चालेल.” मला धुळ्याची पांझरा आठवली. उन्हाळ्यात तिच्यात मनगट भिजेल इतके पाणी शोधावे लागते! पुढे कळले की हा आकडा खोलीचा नसून प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो. पाऊस, घाम, नळाखालचे हात आणि पोहणे यांना तो पुरेसा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो त्या गावात घामाला टिकणारा पोलादी पट्टा ही चैन नव्हे, गरज आहे. काच म्हणे नीलमण्याची. तो नीलमणी कारखान्यात बनवलेला, पण हिऱ्यासारखे काही घासल्याशिवाय सहसा चरा उठत नाही. वर्गातल्या खडूची तिथे काय मातब्बरी!

मग वेळेची गोष्ट निघाली. स्वस्तातल्या क्वार्ट्‌झ घड्याळात गारगोटीचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी काही सेकंदच चुकतो. चाकांचे भारी घड्याळ तेवढे एका दिवसात चुकू शकते. म्हणजे अधिक पैसे मोजून कमी अचूक वेळ घ्यायची! तरीही मन चाकांकडेच ओढ घेत होते. कारण धुळ्याला वडिलांच्या हातावर अजून एचएमटी आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने एचएमटीने बंगळूरला घड्याळे बनवायला १९६१ साली सुरुवात केली, आणि २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा व्यवसाय बंद करायचे ठरवले. वडिलांना याची दखल घ्यायचे कारण पडले नाही. सकाळी चहाआधी ते चावी देतात आणि घड्याळ चालते.

दोन घड्याळे मनात भरली होती. एकाची किंमत दुसरीच्या चौपट. चौपटवाल्याची जाहिरात मी प्राध्यापकांच्या खोलीत न्याहाळत होतो. तिथे आमचा एक तरुण सहकारी बसतो. तो घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवतो. नेटका, अभ्यासू, माझ्याहून चांगला शिकवणारा. मीही काही वर्षे तसाच काढली आहेत. त्याने सहज विचारले, “सर, कितीला आहे?” मी सांगितले. त्याने बोटांवर हिशेब केला आणि हसून म्हणाला, “म्हणजे माझे दोन सत्रांचे सगळे तास.” त्याच्या बोलण्यात काटा नव्हता. म्हणूनच ते अधिक टोचले.

त्या संध्याकाळी माझी निवड झाली. खानदेशात कुठलीही नवी वस्तू अंगावर दिसली की समोरचा माणूस आडपडदा न ठेवता विचारतो, “कितलाले लिधं?” एस.टी.तला शेजारी विचारतो, भाजीवाली विचारते. रोज वापरायचे घड्याळ म्हणजे या प्रश्नाचे उत्तर रोज, कुणालाही, आवाज न दबता देता येईल असे घड्याळ. पाणी, घाम आणि धूळ सोसणारी घड्याळे पुष्कळ असतात. हा प्रश्न सोसणारे विरळा.

मी कमी किमतीचे घेतले. पोलादी, नीलमण्याच्या काचेचे, हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे. धुळ्याला गेलो तेव्हा वडिलांनी ते कानाशी धरले, विचारायचे ते विचारले, आणि आकडा ऐकून “बरं शे” म्हणाले. सौभाग्यवतींनी त्याच दिवाळीत मोडीला येणारी वस्तू घेतली, हे सांगायला नकोच.

आता तासिका संपत आली की तो तरुण सहकारी खोलीच्या दारात माझ्या मनगटाकडे बोट करून वेळ विचारतो. आमची तासिका ४८ मिनिटांची, आणि त्याचे मानधन मोजले जाते ते ६० मिनिटांच्या घड्याळी तासाने. उरलेली १२ मिनिटे भरून देणारे घड्याळ मला अजून कुठल्याही दुकानात दिसलेले नाही.