दोन नावांचे पाहुणे

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो, भाताची सुगी उरकते आणि आमच्या बेळगाव भागातल्या शिवारात नवी वर्दळ सुरू होते. कापलेल्या भाताच्या खुंटांतून शेपटी वरखाली करीत पिवळा धोबी हिंडू लागतो. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसतात. पूर्वेकडे ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे गुलाबी थवे उतरतात. ही मंडळी परगावची नव्हेत, परमुलखातली. थंडी सोसत नाही म्हणून ती इकडे येतात, असे आपण मुलांना सांगतो. ते अर्धेच खरे. अंगावर पिसांचा कोट असताना थंडीचे भय फारसे नाही; पण उत्तरेत जमीन नि पाणी गोठले की किडा-दाणा मिळेनासा होतो, दिवसही आखूड होतो. पोटासाठीच ही पायपीट, म्हणजे खरे तर पंखपीट.

हायस्कूलच्या मास्तराला परवडणारे छंद मोजकेच. पक्षिनिरीक्षण हा त्यातला एक. दुर्बीण, वही आणि सकाळचे दोन तास एवढेच त्याचे भांडवल. डॉ. सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आणि मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हे दोन गुरू घरबसल्या मिळाले. कॅमेरा मागाहून आला. तो रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यांतल्या तीसांत रिकामी फांदी. ‘फांद्यांचा अल्बम छान झालाय,’ असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. आज डिजिटल कॅमेऱ्यात हजार फोटो फुकट निघतात, परंतु बसण्याचा कंटाळा असणाऱ्याला अजूनही फांदीच मिळते.

हिवाळा या कामाला उत्तम. पाने झडलेली, आकाश निवळलेले आणि सकाळी सात ते नऊ तिरपे, मऊ ऊन. सूर्य पाठीशी घ्यावा, कपडे मातकट घालावेत आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर यावे, मग त्यासाठी बांधावर आडवे पडावे लागले तरी चालेल. डोळा स्पष्ट आला की फोटो जिवंत होतो. उडता पक्षी टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मिटले पाहिजे. एक पथ्य मात्र मी मुलांना पहिल्या दिवशीच सांगतो : घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही. मादी बिचकून उठली की अंडी उन्हात पडतात, कावळ्याला वाट मिळते. फोटो हुकला तर दुसरा काढता येतो.

कधी मुलांना घेऊन लांबही जातो. घटप्रभेवरच्या धूपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावर मध्य आशिया, मंगोलियाकडचे करकोचे उतरतात. गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तलावावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब दिवसभर विसावतात आणि रात्री आसपासच्या शेतांत चरतात. २०२४ साली या तलावाला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला.

पण खरी गंमत आमच्या शाळेच्या नोंदवहीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, पण काही मुलांच्या घरी कानडी, काहींच्या घरी उर्दू. म्हणून वहीत मराठी नाव नि कानडी नाव असे दोन रकाने आखले. नाव पुस्तकातून उतरवायचे नाही, घरी विचारून आणायचे, हा नियम. चिमणीसमोर ‘गुब्बच्ची’ आली. बगळ्यासमोर ‘कोक्करे’ आले. खंड्याच्या पुढे एका मुलाने ‘मिंचुळ्ळी’ लिहिले. ‘मिंचु’ म्हणजे वीज. खंड्याची पाण्यावरची झेप ज्याने पाहिली आहे, त्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टिटवीच्या पानावर तर दोन आज्यांनी एकच आडाखा कळवला, एकीने मराठीत नि दुसरीने कानडीत : टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की त्या साली पाऊस मोठा.

अलीकडे मात्र या रकान्यांत रिकाम्या जागा वाढू लागल्या आहेत. ‘घरी कोणाला ठाऊक नाही,’ असे मूल सांगते आणि ‘किंगफिशर’ लिहून मोकळे होते. आजी गेलेली असते, आईबाबांना सवड नसते. आमच्या सीमाभागात भाषेसाठी मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. पण खंड्या हा शब्द घराघरातून निघून चालला आहे आणि पलीकडच्या गल्लीत मिंचुळ्ळीचीही तीच गत आहे. त्याची तक्रार कोणत्या कचेरीत द्यायची?

दोन वर्षांपूर्वी शाळेमागच्या तळ्यात भराव पडू लागला. प्लॉट पाडायचे होते. तिथे पक्षीच येत नाहीत, असे सांगण्यात आले. मुलांनी वह्या काढल्या. तळ्याच्या नावाने तारीखवार नोंदी होत्या : तुतवार, चक्रवाक, धोबी, पाणकावळे. अर्ज कानडीत द्यायचा होता. आमच्या कानडीच्या बाईंनी तो लिहिला आणि पक्ष्यांची यादी जोडताना त्यांना कोश फारसा धुंडाळावा लागला नाही. बहुतेक नावे दुसऱ्या रकान्यात तयार होती. पाहणी झाली. भराव सध्या थांबला आहे. निम्मे तळे बुजले आहे, निम्म्यात यंदा पाणी आहे. पुढे काय होईल, ते कागद हलतील तसे ठरेल.

चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. महाराष्ट्रात २०२० पासून हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. आम्ही इकडेही पाळतो. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्यांच्या नावाने मुलांनी वहीत एक पान सोडले आहे. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख शाळेसमोरच्या तारेवर बसतो, महाराष्ट्राचा हरियाल आमच्या वडावर फळे खातो. दोघांची नोंद एकाच पानावर होते. वाचकहो, दिवाळीला सगळे घर जमलेले असेल. अंगणात जो पक्षी दिसेल, त्याचे नाव घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा आणि लगेच लिहून ठेवा. शेजारी दुसरी भाषा बोलणारे असतील, तर त्यांच्याकडेही विचारा. दोन रकाने आखायला एक पट्टी पुरते.